कारणाचा रकाना

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला कुठे जायचं ते विचारायचं, कधी जायचं ते विचारायचं. माणसं किती, गुडघे दुखतात का, खालची बर्थ लागेल का, तिखट चालतं का, हेही विचारायचं. कशाला जायचं, हे मात्र विचारायचं नाही. आदिलाबादच्या बसस्टँडसमोर आठ बाय दहाच्या खोलीत बसून मी एकतीस वर्षं तिकिटं काढली आणि यात्रा नेल्या, आणि एवढा एक नियम कसोशीने पाळला. आता दुकान सून पाहते. मी शेजारी खुर्ची टाकून बसते आणि गरज नसताना मधे बोलते.

सुरुवात झाली ती फॉर्म भरण्यापासून. तेव्हा रेल्वेचं आरक्षण म्हणजे कागदाचा फॉर्म. जवळच्या जैनथकडचे आमचे कास्तकार मराठी शाळेत शिकलेले, खिडकीवरचा बाबू तेलुगूत बोलणारा, आणि फॉर्मचे रकाने कुणाच्याच बापाला न समजणारे. माझं अक्षर बरं होतं. खिडकीबाहेरच्या बाकावर बसून मी लोकांचे फॉर्म भरू लागले. नाव, वय, बाई की पुरुष, कुठून, कुठे. माणूस बोलायचा दहा मिनिटं आणि माझ्या रकान्यात बसायचे चार शब्द. उरलेलं सगळं माझ्याकडेच राहायचं. मला वाटतं, मी मुळात त्या उरलेल्यासाठीच धंद्यात टिकले.

गिऱ्हाइकं एकेक भेटली. गुडीहत्नूरच्या एका मुलाने म्हाताऱ्या बापाचं काशीचं फक्त जायचं तिकीट काढायला सांगितलं होतं. यायचं का नको, तर म्हणे, “देव ठेवून घेते का पाहू, नाई ठेवलं तं मंग काढू.” म्हातारा दोन किलो वजन वाढवून परत आला आणि येताना जनरलच्या डब्यात उभा राहून आला, त्याबद्दल तो मुलाला आजतागायत ऐकवतो. एका बाईंना खिडकी दोन्ही वेळा हवी होती, जाताना डावीकडची नर्मदा आणि येतानाही डावीकडचीच. असल्या लोकांमुळे दिवस बरा जायचा.

तुळशीरामभाऊ आले तेव्हा कापसाची वेचणी चालू होती हे आठवतं, कारण त्यांच्या बाहीला कापूस चिकटलेला होता. जैनथच्या पुढे, पैनगंगेच्या अंगाला त्यांचं वावर. वय एकसष्ट. धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा. माझ्याकडून त्यांनी तिरुपती केलं होतं, पंढरपूर केलं होतं, त्यामुळे ओळख होती. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले,

“अक्का, बर्फावर जाचं हाय.”

“बद्रीनाथ का? हिवाळ्यात बंद असते भाऊ. बैसाखात नेतो ना तुमाले.”

“देवाले नाई. थे पायाले लांब पट्ट्या बांधून बर्फावर घसरतेत ना, थे शिकाचं हाय. औलीले. मी अन् घरची. सस्त्यात बसवा.”

‘काऊन’, म्हणजे कशाला, हा शब्द माझ्या ओठापर्यंत आला होता. मी तो पाण्याबरोबर गिळला आणि कागद ओढला.

आता हे स्वस्तात कसं बसवतात ते सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही नुसतं फोन फिरवतो. बर्फाच्या उतारावरच हॉटेल घेतलं तर चार दिवसांत घर विकायची पाळी येते. म्हणून मुक्काम खाली, जोशीमठात, धर्मशाळेत. तिथून रोज सकाळी सामायिक जीपने वर. सव्वीस जानेवारीची गर्दी ओसरू द्यायची, शनिवार-रविवार टाळायचे. आदिलाबादहून नागपूर बसने, पुढे दिल्ली आणि हरिद्वार रेल्वेने, स्लीपरने. हरिद्वारपासून डोंगर. तिथे दोघांसाठी गाडी केली तर परवडत नाही, बारा जणांत केली तर जेवणाच्या खर्चात होते. म्हणजे मला आणखी दहा माणसं हवी होती. आदिलाबादेत फेब्रुवारीत बर्फ पाहायला निघणारी दहा माणसं शोधणं हे मी आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम असेल. तीन निवृत्त मास्तर सपत्नीक मिळाले, आदिलाबादला लागून असलेल्या मावल्याचा एक भाजीवाला आपल्या बायकोसह मिळाला, नववी मी, आणि दहावा आमचा आचारी लिंगन्ना. आचारी सोबत नेणं ही आमची यात्रेची रीत. बाहेर कुठेही असलो तरी संध्याकाळी ज्वारीची भाकरी आणि पिठलं पोटात गेलं की माणूस घरी भांडत नाही.

चार दिवसांनी तुळशीरामभाऊंच्या बायको, कमलबाई, एकट्याच दुकानात आल्या. बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्या.

“अक्का, त्याइले घसराचं-बिसराचं काई नाई. तिथं आमचा गजू हाय. लेकाले पाहाचं हाय त्याइले. पन म्या सांगलं असं म्हनजा नोको.”

मग सगळं कळलं. गजानन हा एकुलता एक मुलगा. हैदराबादेत हॉटेलचं शिकला, तिथून डोंगरात नोकरीला गेला, तिथे नोकरी सोडून बर्फावर घसरणं शिकला आणि आता दुसऱ्यांना शिकवतो. बापाला हे सांगायला आला तेव्हा बाप चारचौघांत म्हणाला, “वावर सोडून घसरगुंडी खेळतो? आता या घरी येशीन तं पाहुन्यावानी येजो.”

“अन् आला ना तो पाहुन्यावानी,” कमलबाई म्हणाल्या. “बहिनीच्या लग्नाले आला. मावल्याले लॉजवर उतरला. चार दिवस मांडवात येऊन जेवला अन् लॉजवर जाऊन झोपला. घर असून! तवापासून याइचं तोंडच शिवलं. चार वर्सं झाले, फोन नाई करत. पन सकाळी उठले का पह्यले त्याचं स्टेटस पाह्यतेत. रोज. माह्याकडं पाठ करून पाह्यतेत.”

मावल्याची ती खोली मीच काढून दिली होती.

तो मुलगा मला लख्ख आठवला. उंच, उन्हाने रापलेला, पण गाल डोंगरातल्या माणसासारखे तांबडे. फॉर्म मी भरला होता, सवयीने. कायमचा पत्ता म्हणून त्याने जैनथकडच्या गावाचं नाव सांगितलं. येण्याचं कारण, तेही त्यानेच सांगितलं, बहिणीचं लग्न. वीस-बावीस किलोमीटरवर ज्याचं घर, बहिणीच्या लग्नाला आलेला भाऊ, आणि तो लॉज मागतोय. घरात पाहुणे जास्त झाले असतील, असं मी स्वतःला समजावलं आणि ‘काऊन रे बापा’ एवढंही विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित त्याने काहीच सांगितलं नसतं. पण कदाचित सांगितलंही असतं, आणि मी त्याला जीपमध्ये घालून सरळ त्याच्या घरी नेलं असतं. नियम पाळल्याचा पश्चात्ताप मला तेवढा एकदाच झाला, आणि तो अजून आहे.

निघायच्या आधी मी सगळ्यांना दुकानात बोलावून सामानाची यादी सांगितली. लोकर आणा, आतून बनियन लोकरीचं घाला, जाकीट आणि बूट तिथे भाड्याने घेऊ. “आणि कापूस भरलेलं काही अंगात घालू नका,” असंही सांगितलं. यावर तुळशीरामभाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

“काऊन?”

“ओला होते. ओला झाला का गार पडते.”

“पिढ्यान् पिढ्या आमी कापूस पिकवला, अख्ख्या दुनियेले झाकलं, अन् बर्फाले आमचा कापूस चालत नाई म्हन्ते!”

मी वाद घातला नाही. कास्तकाराशी कापसावर वाद घालू नये, मला तेवढी अक्कल आहे.

गावात त्यांनी बद्रीनाथला जातो असंच सांगितलं होतं. घसरायला जातो म्हणाले असते तर पोरं पारावर बसून हसली असती. त्यामुळे झालं असं की निघताना गाव वेशीपर्यंत पोचवायला आलं, बायांनी ओवाळलं, आणि रीतीप्रमाणे प्रत्येकाने देवाला वाहायला नाणं दिलं, कुणी सुपारी, कुणी हळकुंड. कमलबाईंच्या पदराच्या गाठीत अख्ख्या गावाचा नवस बांधलेला, आणि देऊळ बंद. सगळ्या रस्ताभर तुळशीरामभाऊंना त्या गाठीचं ओझं झालं होतं. रुद्रप्रयागच्या मुक्कामात मला हळूच म्हणाले, “अक्का, खोटं बोललो गावाशी. आता हे घेऊन जाऊ कुठं?”

जोशीमठला पोचलो तेव्हा दुपार होती. तिथल्या नरसिंहाच्या देवळात मी सगळ्यांना नेलं. पुजाऱ्याने सांगितलं की बर्फ पडायला लागलं की बद्रीनाथाची गादी इथे खाली येते, हिवाळाभर पूजा इथेच. कमलबाईंनी गाठ सोडली आणि एकेकाचं नाव घेऊन नाणी वाहिली. तुळशीरामभाऊ मोकळे झाले. बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले.

“देव पन खाली येते म्हना,” ते म्हणाले.

“थंडी पडली का येते,” मी म्हटलं.

त्या दिवशी त्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. डाळ मात्र शिजली नव्हती. उंचीवर कुकरशिवाय डाळ शिजत नाही हे मी लिंगन्नाला तीनदा सांगितलं होतं आणि त्याने तिन्हीदा मान डोलावून कुकर घरीच ठेवला होता.

दुसऱ्या सकाळी वर गेलो. माझंही बर्फ पहिलंच. फोटोत पाहून काही कळत नाही हो. डोळे दिपतात आणि सगळीकडे इतकं चिडीचूप असतं की आपल्या बुटाचा आवाज मोठा वाटतो. मास्तर लोक एकमेकांना गोळे मारत सुटले. भाजीवाला खाली बसून बर्फ हाताने चाचपत होता आणि बायकोला म्हणत होता, “टमाटे ठेवाले कामाचं हाय.”

पत्र्याच्या एका शेडमध्ये पट्ट्या आणि बूट भाड्याने मिळत होते आणि तिथेच शिकवणारा माणूस ठरत होता. तुळशीरामभाऊ माकडटोपी, मफलर, काळा चष्मा अशा थाटात उभे. त्यांची नजर त्या चष्म्यामागून उतारभर फिरत होती. पाच-सहा शिकवणारे लाल जाकिटातले, सगळ्यांचे चेहरे झाकलेले, सगळे सारखेच. आपला मुलगा कोणता ते बापाला ओळखू येईना. आई म्हणाली, “थो पाहा, थो,” तर तो दुसराच निघाला.

शेडवाल्याने फॉर्म दिला. मी हात पुढे केला, कारण फॉर्म दिसला की माझा हात आपोआप पुढे जातो. नाव लिहिलं. वय. गाव. बुटाचं माप. पूर्वी कधी केलं आहे का, नाही. शेवटचा रकाना होता, काही इजा झाल्यास कोणाला कळवायचं.

“कमलबाईचा नंबर टाकू?” मी विचारलं.

“ती तं इथंच हाय.”

“मंग जावयाचा?”

तुळशीरामभाऊंनी मफलर खाली केला. आणि मग एकेक आकडा सांगू लागले, दहाच्या दहा, न अडखळता. खिशातला मोबाईल त्यांनी काढलाच नाही. ज्या नंबरावर त्यांनी चार वर्षांत एकदाही फोन केला नव्हता, तो त्यांना तोंडपाठ होता.

“नाव?” मी विचारलं, माहीत असून.

“गजानन.”

“नातं?”

“लेक हाय माहा,” ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसू लागले. मी ‘मुलगा’ असं लिहिलं.

शेडवाल्याने तो कागद घेतला, नंबर ओळखीचा दिसला तशी बाहेर गजाननलाच हाक मारली. लाल जाकिटातला एक जण पट्ट्यांवरून सरसरत आला, थांबला, कागद घेतला. वाचला. खालपर्यंत वाचला. मग त्याने तोंडावरचं फडकं ओढून खाली केलं आणि वर पाहिलं. कमलबाईंनी पदर तोंडात धरला. मी तिथून जायला हवं होतं, पण गेले नाही, खोटं कशाला सांगू.

गजाननने बुटांचा जोड घेतला, बापाला बाकावर बसवलं आणि समोर बर्फात गुडघे टेकून बापाचे पाय एकेक करून बुटात घातले. त्या बुटांना चार-चार पकडी असतात, त्या लावायला वेळ लागतो. पाया पडायला वाकलेला माणूस आणि बूट चढवायला वाकलेला माणूस, लांबून दोन्ही सारखेच दिसतात. तुळशीरामभाऊंचा हात दोनदा त्याच्या डोक्याकडे गेला आणि दोनदा परत आला. तिसऱ्यांदा गेला तो तिथेच राहिला.

“दुखते का बाबा? घट्ट झालं?”

“नाई. बेस हाय.”

मग त्याने बापाला हाताला धरून सपाट जागेवर नेलं. “पह्यले पडाचं शिका,” तो म्हणाला. “मांगं पडजा नोको. कुशीवर पडा, हात मोकळे ठेवा.”

“पडाचं बी शिका लागते?”

“तेच पह्यले शिकवतो आमी. उठाचं त्याच्यानंतर.”

बाप पडला. उठला. परत पडला. मास्तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. दहा-बारा वेळा पडल्यावर तुळशीरामभाऊ कुडकुडायला लागले. गजाननने भाड्याच्या जाकिटाची चेन उघडून पाहिलं तर आत कापूस भरलेली बंडी, मानेतून बर्फ शिरून चिंब झालेली.

“हे कोनी घालाले सांगलं?”

“आपल्या वावरातला कापूस हाय,” बाप म्हणाला, लहान तोंड करून.

“ओला कापूस किती जड होते अन् किती गार होते, थे मी सांगू तुमाले?”

बंडी काढून त्याने पिळली. पाण्याची धार लागली. मग स्वतःचा लोकरीचा स्वेटर उतरवून बापाला चढवला, वर जाकीट घातलं, चेन हनुवटीपर्यंत ओढली. तुळशीरामभाऊ निमूट उभे होते. बापाला कुणी कपडे घालतंय आणि बाप घालून घेतोय, असं त्या घरात कधी झालं नसावं.

“मी पाहुन्यावानीच आलो बापा,” ते मुलाला एकदम म्हणाले. “तुह्यासारखाच. खाली धर्मशाळेत उतरलो.”

गजाननने चेन सोडली. त्याच्या बोलण्यात राग होता का, मला सांगता येणार नाही. असला तरी तो जुना झालेला होता.

“पाहुन्याले लॉजवर नाई ठेवत बाबा,” तो म्हणाला. “घरी नेतेत.”

तुळशीरामभाऊंनी मान खाली घातली. मग कमलबाई बर्फातून धडपडत आल्या, दोनदा पडल्या, न शिकताच उठल्या, आणि मुलाला बिलगून मोठ्याने रडल्या.

दुपारी जीपने खाली येताना गजानन माझ्याशेजारी होता. मी त्याला मावल्याच्या खोलीची आठवण दिली आणि न विचारल्याबद्दल माफी मागितली. तो हसला. म्हणाला, “तुमी इचारलं असतं तं मी रडलो असतो अक्का. मंग लॉजवाल्यानं खोली दिली नसती.” थोड्या वेळाने मोबाईल काढून मला दाखवला. “हे पाहा. मी रोज सकाळी एक फोटो टाकतो. पह्यले पाह्यनारं नाव रोज एकच अस्ते. मले ताप होता तवा बी टाकला. नाई टाकला तं बाबाले वाटन, पोट्ट्याले काई झालं का.”

चार वर्षं त्या दोघांचं बोलणं असं चालू होतं.

गजाननची दोन खोल्यांची जागा उताराच्या अर्ध्यावरच्या वस्तीत होती. तुळशीरामभाऊ आपली पिशवी घेऊन धर्मशाळेच्या दारात उभे राहिले आणि मला म्हणाले, “अक्का, आमची खोली सोडून द्या.” पैसे परत मिळत नाहीत, हे सांगायची मला सवय आहे. त्या दिवशी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. लिंगन्नाने उरलेलं ज्वारीचं पीठ त्यांच्या पिशवीत भरलं. माझ्या बाकीच्या गिऱ्हाइकांना पुढचे तीन दिवस भातावर काढावे लागले, त्यावरून मास्तर अजून बोलतात.

मॅनेजरने रजिस्टर पुढे केलं. खोली रद्द. नाव, खोली नंबर, तारीख, आणि शेवटी कारणाचा रकाना. एकतीस वर्षांत शेकडो खोल्या मी रद्द केल्या असतील. आजारपण, मयत, गाडी चुकली, मन बदललं. बहुतेक वेळा मी तिथे ‘घरगुती’ एवढं लिहून मोकळी होते, कुणी पुढे विचारत नाही.

पेन मी मागून घेतलं. हिंदीत लिहायला हवं होतं, पण हात मराठीतच चालला.

‘मुलाचं घर इथंच आहे.’